जुनं फिएस्टा आणि नवं फिएस्टा: शिक्का सोडा, आधी बूड बघा

फिएस्टा म्हणजे अमेरिकेत बनणारी एकरंगी मातीची भांडी. ती जमवणाऱ्यांत जुनं कुठलं आणि नवं कुठलं, हा घोळ अजून संपलेला नाही. कुणीतरी फिरोजी रंगाचा गोल चपटा जग मांडतो, बुडावर साच्यातून उमटलेला फिएस्टाचा शिक्का दाखवतो आणि खाली लिहितो, 'अस्सल, 1930च्या दशकातला'. शिक्का अस्सल असतो, कंपनीही तीच असते, पण जग 1990च्या आसपासचा निघतो. घेणाऱ्याचे पैसे जातात. विकणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा फसवणूक नसते, त्याला खरोखरच फरक ठाऊक नसतो. म्हणून हा फरक एकदा नीट मांडायला हवा.

इतिहास बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे तो थोडक्यात. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यूएल गावी होमर लॉफलिन चायना कंपनीने 1936 साली फिएस्टा बाजारात आणलं. आकार फ्रेडरिक ऱ्हीड यांचे. सुरुवातीचे रंग पाच: लाल, कोबाल्ट निळा, फिका हिरवा, पिवळा आणि हस्तिदंती. फिरोजी पाठोपाठ आला. 1950च्या दशकात गुलाबी, राखाडी, गडद हिरवा आणि शार्त्रूझ (पिवळसर हिरवा) आले. 1959 ते 1969 या काळात मध्यम हिरवा होता. मग आयर्नस्टोन या नावाने अखेरची काही वर्षं गेली आणि 1973च्या सुरुवातीला उत्पादन थांबलं. पन्नाशीच्या निमित्ताने 1986 साली तेच आकार पुन्हा सुरू झाले आणि ते आजही बनतात. 2020पासून कंपनीचं नावही फिएस्टा टेबलवेअर कंपनी झालं आहे. 1973पर्यंतचं ते जुनं आणि 1986नंतरचं ते नवं. जमवणारे नव्याला 'पोस्ट-86' म्हणतात. मधली तेरा वर्षं रिकामी आहेत, त्यामुळे 'साधारण 1980च्या सुमाराचं, म्हणजे जुनंच' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवावं.

शिक्क्यावर विसंबू नये, याचं कारण साधं आहे. शिक्के दोन प्रकारचे. एक शाईचा, झिलईखाली म्हणजे वरच्या काचेसारख्या थराखाली मारलेला. दुसरा साच्यातच कोरलेला, भांड्याबरोबर आपोआप उमटणारा. शाईचा शिक्का थोडाफार कामाचा आहे. जुन्यात फिएस्टा हे नाव लहान लिपीतल्या एफने सुरू होतं, नव्यात मोठ्या एफने, आणि नव्या शिक्क्यांत पुष्कळदा शिसं नसल्याचा उल्लेखही असतो. पण जग, मेणबत्त्यांचे स्टँड, फुलदाण्या अशा पोकळ भांड्यांवर साच्याचा शिक्का असतो, आणि 1986 साली काही नगांसाठी जुन्याच नमुन्यांवरून साचे घेतले गेले. साहजिकच शिक्काही जसाच्या तसा उतरला. पुढे काही नव्या साच्यांत शिक्क्याजवळ छोटा उठावदार एच आला, पण तो नाही म्हणून भांडं जुनं ठरत नाही. उलट बाजूने पाहिलं तर जुन्या चहाच्या कपांवर आणि मीठ-मिऱ्याच्या डब्यांवर सहसा शिक्काच नसतो. 'शिक्का नाही म्हणजे नक्कल' हेही तितकंच चूक.

रंगाचा उपयोग फक्त बाद करायला होतो. काळा, शुभ्र पांढरा, जर्दाळू, पेरिविंकल (जांभळट निळा), लायलॅक (फिका जांभळा) हे रंग जुन्या काळी नव्हतेच. या रंगाचं भांडं दिसलं की प्रश्न मिटला, ते नवं. पण फिरोजी, पिवळा, कोबाल्ट, गुलाबी, राखाडी आणि शार्त्रूझ ही नावं दोन्ही काळांत आहेत. नवा कोबाल्ट जुन्यापेक्षा बराच काळपट असतो आणि नवा गुलाबी वेगळ्या छटेचा, हे खरं. तरी फोटोतल्या रंगावरून निकाल देऊ नका. फिरोजीच्या बाबतीत तर प्रत्यक्ष हातात घेऊनही नुसत्या रंगावर निकाल देणं धोक्याचं.

आता खरा मुद्दा. जुनं आणि नवं यांची मातीच वेगळी आहे, आणि बाकीचे सगळे भरवशाचे फरक त्या मातीतून येतात.

जुन्या फिएस्टाची माती अर्धवट घट्ट होणारी आहे. झिलईच्या आत ती सच्छिद्र राहते आणि पाणी ओढते. नवी माती जास्त तापमानाला भाजून जवळजवळ पूर्ण घट्ट केलेली असते, तिच्यात पाणी शिरत नाही. ज्या उष्णतेला ती घट्ट होते त्याच उष्णतेला ती थोडी मऊही पडते. अशी प्लेट भट्टीत तीन टोकांवर उभी केली तर मधे झुकेल. म्हणून ती बुडाच्या पूर्ण कड्यावर बसवावी लागते, आणि त्या कड्यावर झिलई राहिली तर भांडं भट्टीच्या फळीला चिकटेल. त्यामुळे भाजण्याआधी कड्यावरची झिलई पुसून टाकतात. जुन्या प्लेटला ही अडचण नव्हती. ती कडेपासून कडेपर्यंत, बुडाच्या कड्यासकट झिलईत बुडवली जायची आणि भट्टीत मातीच्या तीन बारीक खुंट्यांवर टेकवली जायची.

तेव्हा प्लेट उलटी करा. जुन्या प्लेटच्या बुडाचं कडं चकाकतं, आणि मागच्या बाजूला साधारण सारख्या अंतरावर तीन बारीक खरखरीत ठिपके सापडतात. डोळ्यांना दिसले नाहीत तर बोट फिरवा. नखाला अडकतात. नव्या प्लेटच्या कड्यावर मात्र झिलई नसते. तिथे पांढरट, कोरडी, बारीक पॉलिश पेपरसारखी लागणारी गोल पट्टी दिसते आणि खुंट्यांचे ठिपके नसतात. एवढ्यावर प्लेटचा निकाल लागतो. शिक्का बघायची गरजही उरत नाही.

इथे तीन ठिकाणी लोक घसरतात.

पहिलं म्हणजे खुंट्यांच्या ठिपक्यांना 'टवके' म्हणणं. विकणारे 'मागे तीन छोटे टवके' असं लिहून किंमत कमी करतात, आणि घेणारे तेच कारण देऊन भांडं परत पाठवतात. वाईट वाटतं, कारण ज्याला दोष म्हणून नाकारलं तोच भांडं जुनं असल्याचा पुरावा असतो. टवका कुठेही एकटा पडतो, त्याची कड धारदार असते आणि आत माती दिसते. खुंटीचे ठिपके तीन असतात, एका मापाचे असतात, आणि त्यांच्या कडेला झिलई किंचित वर आलेली असते.

दुसरं म्हणजे झिजलेलं कडं आणि पुसलेलं कडं यांत गल्लत. जुनी प्लेट साठ-सत्तर वर्षं टेबलावर, कपाटात, एकावर एक घासली गेली तर कड्याच्या माथ्यावरची झिलई उडते. फोटोत ते कोरडं कडं वाटतं आणि चांगली जुनी प्लेट नवी ठरवली जाते. भिंगाखाली फरक लगेच कळतो. झिजलेलं कडं तुटक असतं, कुठे रुंद कुठे अरुंद, झिलई हळूहळू विरत जाते आणि उघड्या जागी जुना मळ बसलेला असतो. पुसलेल्या कड्याची पट्टी सगळीकडे सारख्या रुंदीची असते आणि झिलई जिथे संपते तिथली रेघ आतून-बाहेरून स्वच्छ असते.

तिसरं, आणि सर्वांत महागात पडणारं: प्लेटचा नियम पोकळ भांड्यांना डोळे झाकून लावणं. जुन्या पोकळ भांड्यांतही पुसलेलं कडं आढळतं. म्हणजे चकाकतं कडं आणि तीन ठिपके मिळाले तर 'जुनं' म्हणायला हरकत नाही, पण जगाचं किंवा फुलदाणीचं कडं कोरडं आहे एवढ्यावरून ते नवं ठरत नाही. इथे मातीलाच विचारायचं. कडं कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने पुसा, रात्रभर वाळू द्या, मग उघड्या मातीवर पाण्याचा एक थेंब ठेवा. जुनी माती थेंब ओढते आणि तेवढी जागा गडद होते. नव्या मातीवर थेंब तसाच बसून राहतो. कड्यावर तेलकट मळ असेल तर जुन्यावरही थेंब बसतो, म्हणून आधी धुणं टाळू नका आणि दोन-तीन जागी करून बघा.

याच मातीमुळे मापही बदलतं. जास्त घट्ट होणारी माती भट्टीत जास्त आकसते. त्यामुळे जुन्या नमुन्यावरून घेतलेल्या साच्यातलं नवं भांडं जुन्यापेक्षा लहान निघतं. जुनी 10 इंची फुलदाणी नव्यात साडेनऊच्या आसपास येते आणि एका फुलाची छोटी फुलदाणी साधारण पाव इंच बुटकी होते. जमवणाऱ्याच्या खिशात भिंग असतं, तशी मोजपट्टीही हवी. विकणाऱ्याकडे उंचीचा आकडा मागा, आणि मोजपट्टी भांड्याशेजारी उभी धरून काढलेला फोटोही मागा. 'अंदाजे 10 इंच' हे उत्तर चालवून घेऊ नये.

मध्यम हिरव्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण मोठे पैसे तिथेच बुडतात. जुन्या रंगांत हा सर्वांत कमी बनलेल्यांपैकी आणि सर्वांत महागांपैकी. एकीकडे त्याला फिका हिरवा आणि गडद हिरवा यांच्यात मिसळतात, दुसरीकडे 2002 साली आलेला नव्यातला शॅमरॉक हा हिरवा रंग 'मध्यम हिरवा' म्हणून खपवला जातो. प्लेट असेल तर कडं आणि ठिपके बघून प्रश्न सुटतो. फुलदाणी, कराफ (पाण्याची सुरई) किंवा एकात एक बसणारे मिश्रणाचे वाडगे असतील तर त्याहून सोपं: हे नग 1940च्या दशकातच बंद झाले आणि मध्यम हिरवा 1959ला आला. त्यामुळे मध्यम हिरव्या रंगाची जुनी फुलदाणी असूच शकत नाही. रंग कधी सुरू झाला आणि नग कधी बंद झाला, ही दोन सालं जुळवून पाहिली तर बऱ्याच 'दुर्मीळ' वस्तू जागच्या जागी बाद होतात.

'बंद झालेला रंग' आणि 'जुनं भांडं' हेही एक नव्हे. लायलॅक 1993 ते 1995 एवढाच बनला, त्याला मागणी आहे आणि काही नग चांगल्या किमतीला जातात. पण तो पोस्ट-86च आहे. त्याला 'व्हिंटेज' म्हणू नये. वीस-तीस वर्षं झाली की आपोआप व्हिंटेज, हे गणित फिएस्टाला लागू करायला माझा ठाम विरोध आहे. इथे माती बदलली आहे, आणि रेघ तिथेच ओढायला हवी.

जेवायला कुठलं वापरायचं, यातही हाच फरक. नवं फिएस्टा शिशाशिवाय बनतं, मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर दोन्हींत चालतं. जुनं कपाटात शोभतं. जुन्या झिलयांत शिसं असू शकतं, आणि टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर असं काही आंबट पडलं की ते सुटतं. जुन्या लाल रंगात युरेनियम आहे. 1943 साली सरकारने युद्धासाठी युरेनियम ताब्यात घेतल्यावर हा लाल बंद पडला, 1959ला तो क्षीण केलेल्या (डिप्लीटेड) युरेनियमवर परत आला आणि आयर्नस्टोनच्या काळात मँगो रेड या नावाने विकला गेला. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा सल्ला स्पष्ट आहे: युरेनियमची झिलई असलेल्या भांड्यांत खाऊ-पिऊ नये. नुसतं कपाटात ठेवायला भिण्याचं कारण नाही. मात्र लालवर टवका उडाला असेल तर ते हाताळणं कमी करा. अतिनील दिव्याखाली लाल प्लेट धरून 'चमकत नाही, म्हणजे युरेनियम नाही' असं ठरवणारेही भेटतात. हिरवी युरेनियम काच त्या दिव्याखाली चमकते, ही लाल झिलई चमकत नाही. खात्री हवी असेल तर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, लावा.

झिलईवर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं दिसलं तर ते बहुधा जुनंच. सच्छिद्र माती वर्षानुवर्षं ओलावा पिऊन किंचित फुगते आणि वरची झिलई ताणून फाटते. अशी प्लेट पाण्यात भिजत ठेवू नका. ओलावा रेघांतून आत जातो, मळ नेतो आणि तपकिरी डाग पडतात. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको, आत मुरलेलं पाणी तापतं आणि तडा जातो. कोमट पाणी, सौम्य साबण, लगेच पुसणं, आणि रचताना दोन प्लेटांमध्ये कागद किंवा फेल्ट.

फिएस्टाशी ज्याची गल्लत होते त्या हार्लेक्विन भांड्यांचं दोन ओळींत. तेही त्याच कंपनीचं, 1938चं, रंगही पुष्कळसे तेच. पण त्याच्या कपांचे कान टोकदार असतात आणि त्यावर शिक्का नसतो. फिएस्टाच्या कपाचा कान गोल कड्यासारखा असतो. एकदा दोन्ही शेजारी पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

दुरून विकत घेत असाल तर चार फोटो मागा: पूर्ण बूड, कड्याचा तिरप्या उजेडातला जवळचा फोटो, खुंटीच्या एका ठिपक्याचा जवळचा फोटो आणि मोजपट्टीसह उंची. शिक्क्याचा फोटो विकणारा न मागता पाठवतोच. बुडाच्या कड्याचा फोटो देत नसेल तर ते भांडं नवं धरून चाला आणि नव्याचेच पैसे द्या.