बैलाचा झाला मित्र

मेक्सिको सिटीत दोन मैत्रिणी गप्पा मारत असल्या, की ‘वेइ’ हा शब्द पुन्हा पुन्हा कानी पडतो. ‘नो मांचेस, वेइ!’ याचा शब्दशः अर्थ ‘डाग पाडू नकोस’ असा असला, तरी बोलणारीला म्हणायचे असते, ‘काहीतरीच काय सांगतेस!’ यातल्या ‘वेइ’चे मूळ ‘ब्वेइ’, म्हणजे बैल. मठ्ठ माणसाला बैल म्हणण्याची रीत आपल्यालाही नवी नाही. मेक्सिकोत मात्र हा शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला, की आता तो मित्रालाच नव्हे, तर मैत्रिणीलाही सहज लावला जातो.

अर्थ झिजला तसा उच्चारही बदलला, पण तो मनमानी पद्धतीने नव्हे. ‘ब्वे’मधला ‘व’ उच्चारताना ओठ गोल होतात आणि त्याच वेळी जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलला जातो. त्यामुळे ओठांवरचा ‘ब’ आणि घशाजवळचा ‘ग’ हे दोघेही त्याचे शेजारीच ठरतात आणि एकाच्या जागी दुसरा सहज येऊन बसतो. स्पॅनिशच्या ग्रामीण बोलींत ‘ब्वेनो’ (चांगला) याचे ‘ग्वेनो’ आणि ‘आब्वेलो’ (आजोबा) याचे ‘आग्वेलो’ होते, ते याच कारणाने. ‘ब्वेइ’चा आधी ‘ग्वेइ’ झाला आणि पुढे तो ‘ग’ही बोलण्याच्या ओघात विरून गेला.

अर्जेंटिनातल्या ब्युनॉस आयर्सची तऱ्हा निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे इटालियन स्थलांतरितांची रीघ लागली आणि ‘लुन्फार्दो’ ही रांगडी शब्दसंपदा घडत गेली. कामाला तिथे आजही ‘लाबुरो’ म्हणतात. तो इटालियन ‘लावोरो’चा वंशज. या एकेकाळच्या बदनाम शब्दांच्या अभ्यासासाठी 1962 मध्ये चक्क अकादमी स्थापन झाली!

लुन्फार्दोतला खरा गमतीचा भाग म्हणजे ‘वेस्रे’. ‘रेवेस’ म्हणजे उलट. त्यातली अक्षरे उलटवली की ‘वेस्रे’ हे नाव तयार होते. याच रीतीने तांगोचा ‘गोतान’, काफेचा ‘फेका’ आणि आमिगोचा, म्हणजे मित्राचा, ‘गोमिया’ होतो. अक्षरे जागा बदलतात, पण या तिन्ही शब्दांत जोर मूळच्याच अक्षरावर राहतो: तांगोत तो ‘तां’वर, गोतानमध्ये ‘तान’वर. ‘दोक्तोर’ उलटताना मधला ‘क्’ गळतो आणि उरतो ‘तोर्दो’. हे तिथल्या एका काळ्या पक्ष्याचेही नाव आहे. हा पक्षी कोकिळेसारखा परक्या घरट्यात अंडी घालतो. डॉक्टरप्रमाणेच वकिलालाही तिथे ‘तोर्दो’च म्हणतात.