हृदयविकाराचा झटका आणि धमन्यांचा ताठरपणा: १२ चा आकडा १० कसा झाला

झटक्यातून सावरलेल्या रुग्णाच्या धमन्या किती ताठर आहेत हे नाडीलहरीच्या वेगावरून, म्हणजे पल्स वेव्ह व्हेलॉसिटीवरून, जोखतात. सेकंदाला १० मीटरच्या वर वेग गेला की धोका, असं धरलं जातं. पण ही मर्यादा आली उच्च रक्तदाबाच्या मार्गदर्शक सूचनांमधून. झटका आलेल्यांसाठी ती कुणी वेगळी ठरवली नव्हती.

नळी जितकी ताठर तितकी लहर वेगाने धावते, हे सांगणारं सूत्र १८७८ चं. रुग्णांच्या जगण्या-मरण्याशी या वेगाचा ठोस संबंध दिसला तो थेट १९९० नंतर. झटक्यानंतर डावा कप्पा कमजोर झालेल्या रुग्णांत वरच्या आणि खालच्या रक्तदाबातलं अंतर जितकं जास्त, तितका मृत्यूचा आणि पुन्हा झटका येण्याचा धोका जास्त, हे १९९७ मध्ये पुढे आलं. हे अंतर म्हणजे ताठरपणाची ढोबळ खूण. हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः हृदय सैल पडताना मिळतं. महाधमनी ताठर असेल तर नेमका त्याच वेळचा दाब घसरतो आणि आकुंचनाच्या वेळचा चढतो. जखमी स्नायूचं काम वाढतं, पुरवठा मात्र आटतो.

आता त्या मर्यादेकडे. २००७ च्या युरोपीय सूचनांत ती १२ होती. मानेपासून जांघेपर्यंत टेपने अंतर मोजायचं आणि लहरीला लागलेल्या वेळेने भागायचं. पण लहर मानेतून जांघेत जातच नाही. ती हृदयापासून निघते आणि एकाच वेळी वर मानेकडे व खाली जांघेकडे धावते. त्यामुळे टेपचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त भरतं. २०१२ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलं की टेपच्या अंतराचे ८० टक्केच धरायचे. अंतर ६० सेंटिमीटर आणि वेळ ५० मिलिसेकंद असेल तर जुना वेग १२, नवा ९.६. मर्यादा मात्र ९.६ न ठेवता १० केली, लक्षात राहायला सोपी म्हणून. माझ्या मते इथेच घोळ झाला. जुन्या मोजणीत १२.३ असलेला माणूस धोक्याच्या यादीत होता. नव्यात त्याचा आकडा ९.८ येतो आणि तो सुटतो. उलट, जुन्या पद्धतीने आलेला ११ आज १० च्या मापाने वाचला तर निर्धास्त असायला हवा तो माणूस घाबरतो. धमनी तीच, बदलली फक्त टेप.

त्यात ‘धमनीकाठिण्य’ हा शब्द. आपण तो धमनीत चरबीचे थर साचण्यालाही वापरतो आणि भिंत ताठर होण्यालाही. दोन्ही अनेकदा सोबत असतात, पण अँजिओप्लास्टीने थर दाबला तरी महाधमनी लवचिक होत नाही.

याशिवाय दंड-घोट्याच्या पट्ट्यांनी मोजणारी जपानी पद्धतही आहे. पूर्व आशियातल्या बऱ्याच अभ्यासांत झटक्यानंतरचे रुग्ण याच पद्धतीने मोजले गेले. तिच्यात पायांच्या धमन्याही येतात, म्हणून आकडे मोठे निघतात आणि जपानमध्ये मर्यादा १८ धरतात. शिवाय लहरीचा वेग त्या क्षणीच्या रक्तदाबावर हलतो. झटक्यानंतर पहिल्या दिवसांत दाब उतरलेला असतो, औषधं नुकतीच सुरू झालेली असतात, कप्पा नीट आकसत नसतो. तेव्हा आलेला ९ चा आकडा आणि त्याच रुग्णाचा काही महिन्यांनी, स्थिर झाल्यावर आलेला ९ चा आकडा एकसारखे वाचता येत नाहीत.