व्यक्तिमत्त्व आणि खर्च-बचतीच्या सवयी

माणूस पैसा कसा खर्च करतो, किती मागे टाकतो आणि पैसा हातातून सुटताना त्याला काय वाटते, याचा त्याच्या स्वभावाशी असलेला संबंध. मानसशास्त्र आणि वर्तनात्मक अर्थशास्त्र (माणसे पैशाचे निर्णय प्रत्यक्षात कसे घेतात याचा अभ्यास) यांच्या सीमेवरचा हा अभ्यासविषय आहे. सारखीच मिळकत असलेल्या दोघांपैकी एकाकडे महिनाअखेर शिल्लक उरते आणि दुसऱ्यावर उसनवारीची वेळ येते. हा फरक प्रत्येक वेळी हिशेब येण्या-न येण्याचा नसतो.

या संबंधाकडे अभ्यासकांचे लक्ष बरेच आधी गेले होते. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांनी 1908 मध्ये नीटनेटकेपणा, काटकसर आणि हट्ट हे गुण एकत्र आढळतात असे मांडले. त्यांचे मूळ त्यांनी बालपणीच्या शौचसवयींत शोधले, ते स्पष्टीकरण आज फारसे कोणी स्वीकारत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी 1936 मध्ये बचतीमागच्या आठ प्रेरणा नोंदवल्या. त्यांत सावधगिरी आणि दूरदृष्टी यांच्या पंक्तीला अभिमान आणि निव्वळ कृपणताही बसली आहे.

मराठीत ‘काटकसरी’ ही स्तुती आणि ‘कवडीचुंबक’ ही निंदा. हा भेद प्रयोगांतही उतरलेला दिसतो. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टीन यांनी 2008 मध्ये 13,000 हून अधिक लोकांच्या उत्तरांवरून दाखवले, की चिक्कू माणसाला पैसे देतानाच वेदना होते. काटकसरी माणसाला मात्र पैसे वाचवण्यात आनंद मिळतो. म्हणजे पहिला वेदना टाळतो, दुसरा सुख मिळवतो. बाहेरून दोघांचे वागणे सारखेच दिसू शकते. चिक्कू माणूस पुष्कळदा स्वतःला हवा असलेला खर्चही टाळतो आणि उधळ्या नको तेवढा करून बसतो. दोघेही स्वतःवर नाराज असतात. याच अभ्यासातल्या एका प्रयोगात जादा शुल्काच्या आधी ‘किरकोळ’ या अर्थाचा एक शब्द घातला, रक्कम तीच ठेवली, तर चिक्कू मंडळी ती द्यायला अधिक तयार झाली. उधळ्यांवर त्या शब्दाचा फारसा परिणाम झाला नाही. सर्वेक्षणात चिक्कूंची संख्या उधळ्यांपेक्षा जास्त भरली, पण बहुसंख्य लोक या दोन टोकांच्या मध्येच होते.

ही वेदना पैसे देण्याच्या पद्धतीनुसार कमी-जास्त होते. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांच्या 2001 मधल्या लिलाव-प्रयोगात क्रेडिट कार्डाने पैसे भरणाऱ्यांनी त्याच तिकिटांसाठी रोखीवाल्यांपेक्षा कितीतरी चढी बोली लावली.

स्वभाव मोजण्याची आज सर्वाधिक मान्य पद्धत पाच गुणांची आहे: नव्याबद्दलचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता. जो ग्लॅडस्टोन, सांड्रा मॅट्झ आणि अलें लमेर यांनी 2019 मध्ये दोन हजारांवर लोकांचे वीस लाखांहून अधिक व्यवहार तपासले. नव्याची ओढ असणारे विमानप्रवासावर, बहिर्मुख लोक बाहेर खाण्यापिण्यावर आणि मनमिळाऊ लोक देणग्यांवर अधिक खर्च करताना आढळले. कर्तव्यदक्ष लोक बचतीत जास्त पैसे टाकत होते. तरीही नुसत्या खर्चावरून स्वभावाचा अंदाज बेताचाच जमला. कर्तव्यदक्षतेचे बचतीशी नाते अपेक्षितच म्हणायचे. मनमिळाऊपणाचे निष्कर्ष अधिक बोलके आहेत. मॅट्झ आणि ग्लॅडस्टोन यांच्या 2018 मधल्या अभ्यासात अशा लोकांची बचत कमी आणि कर्ज जास्त आढळले. वाटाघाटीत मऊ पडणे हे त्याचे कारण निघाले नाही; पैशाला ते मुळातच कमी महत्त्व देतात, हे निघाले. भरपूर मिळकत असलेल्याला हा स्वभाव परवडतो. त्याची झळ बसते ती तुटपुंज्या मिळकतीच्या माणसाला.

‘तुम्ही बचत करणारे की उडवणारे?’ अशा लोकप्रिय चाचण्या माणसांना ठरावीक कप्प्यांत टाकतात. सोळा प्रकारांची प्रसिद्ध मायर्स-ब्रिग्ज चाचणीही तेच करते, पण काही आठवड्यांनी ती पुन्हा घेतली तर अनेकांचा प्रकार बदलतो. उंचीप्रमाणे हे गुणही कमी-अधिक प्रमाणात असतात. शिवाय ज्याला आपण स्वभाव समजतो, त्यात परिस्थितीचा वाटा मोठा असू शकतो. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगात जास्त खाऊच्या आशेने समोरचा गोड खाऊ लगेच न खाता थांबणारी मुले पुढे अधिक यशस्वी झाली, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. 2018 मध्ये मोठ्या नमुन्यावर फेरतपासणी झाली, तेव्हा घरची पार्श्वभूमी हिशेबात घेताच हा परिणाम बराच आक्रसला. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी तर स्वभावाला हातच लावला नाही. पुढची पगारवाढ झाली की बचतीचा हप्ता आपोआप वाढेल, एवढीच संमती त्यांनी एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांकडून घेतली. 40 महिन्यांत सहभागींचा बचतदर 3.5 वरून 13.6 टक्क्यांवर गेला.

संसारात हे स्वभाव एकमेकांसमोर येतात. जोडीदार निवडताना माणसे बहुधा आपल्यासारखाच शोधतात. पैशाच्या बाबतीत मात्र रिक, डेबोरा स्मॉल आणि एली फिंकेल यांना 2011 मध्ये उलटे आढळले. चिक्कू आणि उधळे एकमेकांकडे ओढले जातात, कारण स्वतःचा जो स्वभाव खुपतो तो समोरच्यात नसतो. लग्नानंतर पैशावरून जास्त खटके उडतात ते याच जोडप्यांत.