एक घास चिऊचा, एक घास काऊचा

मऊभाताची वाटी घेऊन आजी बाळामागे घरभर फिरते. बाळ तोंड फिरवतं. 'तो बघ भूभू आला' म्हटल्यावर त्याचं तोंड उघडतं आणि तेवढ्यात घास आत जातो. वाटी रिकामी झाली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. तोंड फिरवून बाळ 'बास' म्हणत होतं, ते मात्र कुणी ऐकलेलं नसतं. मुलांच्या लठ्ठपणावरच्या संशोधनातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग याच 'बास'बद्दल आहे.

बार्बरा रोल्स, लीअन बर्च आणि सहकाऱ्यांचा एक छोटासा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या बालवाडीच्या मुलांना त्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी मॅकरोनी-चीज वाढलं. एक दिवस थोडं, एक दिवस बेताचं, एक दिवस भरपूर. साडेतीन वर्षांच्या आसपासची मुलं तिन्ही दिवशी जवळपास सारखंच जेवली. समोर ढीग असला तरी पोट भरलं की त्यांचा हात थांबत होता. पाच वर्षांची मुलं मात्र जास्त वाढलं त्या दिवशी जास्त जेवली. म्हणजे दीडेक वर्षाच्या फरकात कुठेतरी पोटाऐवजी ताट ठरवायला लागतं, किती खायचं ते. 'पानात टाकायचं नाही' हा आपला संस्कार अन्नाची किंमत शिकवतो, आणि ती मला मान्यच आहे. पण मग पानात वाढतानाच हात आखडता हवा. हवं असेल तर मूल पुन्हा मागेल.

दुसरा आपला जुना सौदा म्हणजे 'भाजी संपव, मग श्रीखंड'. बर्च यांनी १९८४ साली हेही तपासलं होतं. मुलांना एक नवं, आंबवलेल्या दुधाचं पेय दिलं. काहींना ते प्यायल्याबद्दल शाबासकी किंवा सिनेमाचं तिकीट मिळालं, काहींना नुसतंच दिलं. बक्षीस मिळालेल्या मुलांना ते पेय नंतर कमी आवडू लागलं. मुलाच्या बाजूने पाहिलं तर हे सरळ आहे. जे खाण्यासाठी मोठी माणसं काहीतरी देऊ करतात, ते चांगलं कसं असेल?

मग नावडती भाजी खायला लावायची कशी? लंडनच्या जेन वॉर्डल यांनी २ ते ६ वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना एकच काम दिलं. मुलाची एक नावडती भाजी निवडायची आणि सलग १४ दिवस तिची छोटीशी चव द्यायची. दुसऱ्या गटातल्या पालकांना फक्त आहाराची माहिती दिली. पंधरवड्यानंतर रोज चव घेणाऱ्या मुलांना ती भाजी जास्त आवडू लागली होती आणि ती जास्त खाल्लीही जात होती. आपण बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशीच 'याला नाहीच आवडत' म्हणून नाद सोडतो. वॉर्डल यांच्या गटाने पुढे २०११मध्ये असंही दाखवलं, की चव घेतल्यावर एखादा स्टिकर दिला तर आवड घटत नाही. बर्च यांच्या निष्कर्षाशी हे पूर्ण जुळत नाही. माझा अंदाज असा, की एक फोड चाखल्याचं कौतुक वेगळं आणि अख्खी वाटी संपवण्याची अट वेगळी.

आपल्याकडे हे जास्त जपायला हवं, आणि त्याचं कारण पुण्यात सापडलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची सुमारे ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू, पोट, हातपाय सगळंच बारीक. पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला रोड, आतून चरबीयुक्त. दिल्लीतल्या एका मोठ्या अभ्यासात तर असं दिसलं, की तारुण्यात ज्यांना मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था गाठते, ते बरेचदा दोन वर्षांचे असताना बारीक होते आणि नंतर बालपणात त्यांचं वजन झपाट्याने वाढलं होतं. 'वाळलाय गं पोरगा' म्हणून बिस्किटं, तूप-साखर, वर आणखी एक पोळी सुरू करण्याआधी हे आठवावं. त्याला वाढायला डाळ, अंडं, भाजी आणि मैदान हवं.

आमच्या घरी सध्या दुधी भोपळ्याचा नववा दिवस आहे. भाचीने काल फोड जिभेला लावली, तोंड वाकडं केलं आणि ताटात परत ठेवली. भातही थोडा उरला होता. आजीने सवयीने तो कालवून घास हातात घेतला, मुलीने मान फिरवली, आणि आजीने तो घास खाली ठेवला.