मायकलशी सायकल जुळते, मग बायसिकल का नाही?

इंग्लंडहून भाचीचा फोन आला. "मामा, मीराला शाळेतून गृहपाठ दिलाय. स्वतःच्या आणि एका मित्राच्या नावाशी यमक जुळवून चार ओळी लिहायच्यात. मित्राचं नाव मायकल. तासभर बसलोय, एक शब्द धड जुळत नाही." मायलेकींनी केलेली यादी तिनं वाचून दाखवली: हॉटेल, कॅमल, एंजल, पार्सल. नावाच्या शेवटी ई आणि एल ही अक्षरं येतात, म्हणून स्पेलिंगच्या शेवटी ई-एल असलेले शब्द त्यांनी वेचून काढले होते.

मी म्हटलं, "ते नाव देवनागरीत लिही बघू." क्षणभर शांतता, आणि मग पलीकडून दोघी एकदमच ओरडल्या, "सायकल!"

यमक कानाचं असतं, डोळ्यांचं नाही. मराठीत हा फरक फारसा जाणवत नाही, कारण आपण बरंचसं जसं बोलतो तसंच लिहितो. इंग्रजीत मात्र लिहिणं आणि बोलणं यांची फारकत होऊन काही शतकं लोटली. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागून एक जागा बदलत गेले. पूर्वी 'ई' असा उच्चारला जाणारा स्वर 'आय' झाला. जर्मन माणूस आजही मिखाएल म्हणतो, इंग्रज मायकल म्हणतो, त्याचं कारण हेच. विल्यम कॅक्स्टन या मुद्रकानं लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला १४७६ मध्ये. छपाईमुळे स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली, स्वर मात्र सरकतच राहिले.

मग संगणक यमक कसं शोधतो? मला या विषयातला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे. तिथं वाणी ओळखण्याच्या संशोधनासाठी एक उच्चारकोश तयार झाला. त्यात सुमारे १ लाख ३४ हजार शब्द आहेत, पण एकाचाही अर्थ दिलेला नाही. दिलेला आहे तो फक्त उच्चार, ३९ ध्वनींच्या संचात मांडलेला: २४ व्यंजनं आणि १५ स्वर. शिवाय प्रत्येक स्वरापुढे एक आकडा असतो. १ म्हणजे मुख्य आघात, म्हणजे बोलताना जिथं जोर पडतो ती जागा. २ म्हणजे दुय्यम आघात. ० म्हणजे आघात नाही.

मायकलची नोंद आपल्या लिपीत अशी होईल: म्, आय१, क्, अ०, ल्. आता नियम लावायचा. शब्दाच्या शेवटाकडून मागे यायचं आणि आघात असलेला पहिला स्वर भेटला की थांबायचं. तिथपासून शेवटपर्यंतचा तुकडा म्हणजे शब्दाचं शेपूट. इथं ते 'आय-क्-अ-ल्' असं निघतं. ज्यांचं शेपूट तंतोतंत सारखं, पण त्याच्या लगेच आधीचं व्यंजन वेगळं, ते शब्द एकमेकांचे पक्के यमक. संगणक कोशातल्या सगळ्या शब्दांची शेपटं एकदाच काढून ठेवतो आणि सारख्या शेपटांचे शब्द एकेका कप्प्यात टाकतो. पुढं नाव दिलं की फक्त कप्पा उघडायचा.

मायकलच्या कप्प्यात सायकल आहे. मोटरसायकलही आहे, कारण तिच्यातल्या 'साय'वर दुय्यम आघात आहे. पण बायसिकल त्या कप्प्यात नाही! स्पेलिंगच्या शेवटी तोच 'सायकल' आहे, तरी नाही. कारण त्या शब्दात सगळा जोर 'बाय'वर पडतो, मधला स्वर दबून 'सि' होतो आणि शेपूट थेट 'बाय'च्या स्वरापासून सुरू होतं: आय-स्-इ-क्-अ-ल्. त्या कप्प्यात ट्रायसिकल भेटते, आणि छपराच्या कडेला लोंबणारा बर्फाचा सुळका, आयसिकल, तोही भेटतो. तीन चाकांची गाडी आणि बर्फाचा सुळका एका कप्प्यात, हे पाहून मला अजूनही हरखून जायला होतं.

आपला मराठी कान इथं थोडा फसतो. ओवीच्या पहिल्या तीन चरणांत काय, उखाण्यात काय, शेवटची अक्षरं जुळली की आपलं समाधान होतं. आपल्याकडे आघातानं यमक बिघडत नाही. म्हणून एमिली आणि फॅमिली ही जोडी आपल्याला झकास वाटते. इंग्रजीत दोन्ही शब्दांत जोर पहिल्याच अक्षरावर, आणि तिथले स्वर वेगळे: एकीकडे 'ए', दुसरीकडे 'अॅ'. त्यामुळे ते पक्कं यमक ठरत नाही. डेव्हिड आणि 'उत्सुक' या अर्थाचा अॅव्हिड यांची तऱ्हा वेगळी. स्पेलिंगची शेवटची चार अक्षरं लिहायला सारखी, ऐकायला वेगळी.

जाता जाता एक सांगायलाच हवं. नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं जादा अक्षर घातलं की नशीब पालटतं, असं सांगून पैसे घेणारे अंकशास्त्री आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. ते मोजतात ती रोमन अक्षरं. हाक मारताना तोंडातून निघतो तो ध्वनी, आणि तो तसूभरही बदलत नाही. नाव राहतं त्याच कप्प्यात. त्यासाठी कुणीही पैसे देऊ नयेत.

राहिलं मीराचं स्वतःचं नाव. ती राहते त्या भागात शब्दाच्या शेवटचा र उच्चारत नाहीत. 'अधिक जवळ' या अर्थाचा नियरर हा शब्द तिच्या वर्गात 'निअरा' असा ऐकू येतो आणि मीरा होते 'मिअरा'. अमेरिकेत बहुतेक जण तो र स्पष्ट म्हणतात, त्यामुळे तिथं जोडी तुटते. पिट्सबर्गच्या कोशात उच्चार अमेरिकी, म्हणून तिथं शोधून हा शब्द तिला मिळालाच नसता. तिला तो मिळाला शाळेच्या बसमध्ये, शेजारी बसलेल्या मायकलच्या तोंडून.