मोतीबिंदू मशीनने काढायचा की हाताने?

गेल्या पावसाळ्यात मावशीच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं. आधी ज्या हॉस्पिटलमध्ये दाखवायला गेलो तिथल्या काउन्सेलर मॅडमनी लॅमिनेशन केलेला एक कागद पुढे सरकवला, त्यावर वरपासून खालपर्यंत पॅकेजेस आणि खाली जाल तसा आकडा वाढत गेलेला. मावशीने चष्मा पुसला, कागद डोळ्याजवळ धरला, तरी काही वाचता येईना म्हणून खाली ठेवला आणि एकच विचारलं, "यातलं कुठलं केलं की जास्त दिसतं?" उत्तर मिळालं की शेवटचं घ्या, लेझरचं आहे, बेस्ट आहे. कशावरून बेस्ट, ते काही कळलं नाही.

मला तेव्हापासून मनापासून वाटतंय की मावशीचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि गंमत म्हणजे नेमका हाच प्रश्न घेऊन पुण्यात हडपसरजवळ मोहम्मदवाडीच्या ह. वि. देसाई नेत्ररुग्णालयात वीसेक वर्षांपूर्वी फार चांगलं संशोधन झालंय, जगभरात त्याचे दाखले दिले जातात, आणि आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीतच नाही.

आधी थोडं डोळ्याबद्दल. बुबुळाच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं, एका अतिशय पातळ पिशवीत बसवलेलं. वय वाढतं तसं त्या भिंगातली प्रथिनं गोळा होत जातात आणि ते गढूळ होतं, पिवळट होतं, काहींचं तर चक्क तपकिरी आणि दगडासारखं कडक. यावर ड्रॉप्स नाहीत, गोळी नाही, गढूळ भिंग काढायचं आणि त्या पिशवीत नवीन लेन्स बसवायची एवढाच उपाय. लेन्स बसवायची कल्पना लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांची, दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पर्स्पेक्सचे कपचे घुसले होते आणि डोळा ते मुकाट्याने सहन करतोय हे त्यांनी पाहिलं, मग १९४९ मध्ये त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स पहिल्यांदा बसवली.

पण गढूळ भिंग बाहेर कसं काढायचं यावरच सगळा वाद आहे.

जुनी पद्धत म्हणजे दहा-बारा मिलिमीटरचा मोठा छेद आणि मग टाके. टाके घट्ट बसले की डोळ्याची समोरची काच एका बाजूने ओढली जाते, तिचा गोलावा बिघडतो आणि सिलिंडरचा नंबर येतो, म्हणजे ऑपरेशन छान होऊनही चष्म्याशिवाय धूसरच. दुसरी पद्धत फेको. अमेरिकेतले चार्ल्स केलमन दातांच्या डॉक्टरकडे बसले होते, तिथे दात साफ करायचं अल्ट्रासॉनिक यंत्र बघून त्यांना सुचलं की भिंगही असंच कंपनांनी फोडून ओढून घेता येईल, आणि १९६७ मध्ये त्यांनी ते करून दाखवलं. छेद तीन मिलिमीटरच्या आसपास, टाके नाहीत. आपल्याकडे लोक सर्रास यालाच लेझर म्हणतात पण ते लेझर नाही, सेकंदाला हजारो वेळा थरथरणारी सुई आहे.

तिसरी पद्धत मला सगळ्यात हुशार वाटते. हिला एसआयसीएस म्हणतात, हाताने केलेलं बिनटाक्याचं ऑपरेशन. यात डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा एक तिरका बोगदा करतात, बाहेरून सुरू होतो आणि थरांच्या मधून आत जातो. आतून डोळ्याचाच दाब आला की बोगद्याची वरची आणि खालची बाजू एकमेकांवर दाबली जाते आणि तो आपोआप मिटतो, टाका लागतच नाही. भिंगाचा कडक गाभा मग पिशवीतून वर आणून त्या बोगद्यातून सरकवत बाहेर. नेपाळमधल्या 'लहान' नावाच्या गावी तर डॉ. हेनिग यांनी यासाठी इंजेक्शनच्या बारीक सुईचं टोक वाकवून गळासारखा हुक केला, गाभ्यात अडकवायचा आणि हळूच ओढून घ्यायचा. लाखो रुपयांचं मशीन नाही.

आता प्रश्न असा की स्वस्त आहे म्हणून ते कमी प्रतीचं आहे का? हे नुसत्या अनुभवावरून सांगता येत नाही, कारण डॉक्टर सोप्या केसेस एका पद्धतीने करत असतील आणि अवघड दुसऱ्या, मग तुलना काय करणार. म्हणून पेशंटला कुठली पद्धत मिळेल हे डॉक्टरने नाही, पेशंटनेही नाही, चिठ्ठी उचलल्यासारखं नशिबाने ठरवायचं. पुण्यात डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. २००३ मध्ये आलेल्या पहिल्या अभ्यासात ७४१ पेशंट, अर्ध्यांना जुनी टाक्यांची पद्धत, अर्ध्यांना एसआयसीएस. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसणारे टाक्यांच्या गटात ३७.३ टक्के आणि बिनटाक्याच्या गटात ४७.९ टक्के.

६/१८ म्हणजे निरोगी डोळा जी ओळ १८ मीटरवरून वाचतो ती या डोळ्याला ६ मीटरवर यावं लागतं. आणि चष्म्याशिवायचा आकडा का बघायचा, तर गावाकडची कितीतरी माणसं ऑपरेशन करून जातात आणि नंबरचा चष्मा करायला परत येतच नाहीत, त्यांचं उरलेलं आयुष्य त्या चष्म्याशिवायच्या आकड्यावर चालतं.

मग २००५ मध्ये खरा सामना, फेको विरुद्ध एसआयसीएस, ४०० पेशंट. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ गाठणारे फेकोत साधारण ८१ टक्के, एसआयसीएसमध्ये ७१. म्हणजे फेको पुढे आहे, हे मान्यच करायला हवं, छेद लहान तर सिलिंडर कमी. भिंगाच्या पिशवीचा मागचा पडदा फाटण्याचे प्रकारही फेकोत ७ आणि एसआयसीएसमध्ये १२ झाले. पण योग्य नंबरचा चष्मा लावल्यावर? दोन्हीकडे ९८.४ टक्के. हा आकडा मी दोनदा तपासून बघितला. म्हणजे या दोन पद्धतींत मुख्य फरक एका चष्म्याचा आहे, आंधळेपणाचा नाही.

अजून एक गोष्ट मला या अभ्यासांत फार आवडली, ती म्हणजे ७४१ पैकी ७०६ आणि ४०० पैकी ३८३ माणसं सहा आठवड्यांनी परत तपासली गेली. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण विचार करा, पेरणी सोडून, एसटी पकडून, बरोबर कुणाला तरी घेऊन, चांगलं दिसायला लागलेला माणूस कशाला परत येईल? आणि ज्याचं बिघडलं तो रागाने आलाच नाही तर आकडे खोटेच सुंदर दिसणार. त्यामुळे परत आलेल्यांचा आकडा मी निकालाच्या आधी बघते.

काठमांडूला डॉ. संदुक रुईत यांच्या टीमनेही अशीच तुलना केली, १०८ पेशंट, २००७ मध्ये आलेला अभ्यास. तिथे सहा महिन्यांनी दोन्ही पद्धती जवळपास सारख्या निघाल्या, आणि वेळ मात्र एसआयसीएसला सरासरी ९ मिनिटं, फेकोला साडेपंधरा. एका दिवसात शंभर माणसं रांगेत असतील तिथे ही सहा मिनिटं फार मोठी आहेत. आणि मोतीबिंदू खूप कडक असेल तर फेकोला जास्त ऊर्जा लावावी लागते, त्याने समोरच्या काचेच्या आतल्या पेशी मरतात, आणि त्या पेशी परत तयार होत नाहीत. म्हणजे "मशीनचं तेच चांगलं" हे प्रत्येक डोळ्याला लागू नाही.

खऱ्या लेझरचं म्हणाल तर फ्रान्समध्ये ९०९ पेशंटवर मोठा अभ्यास झाला, २०२० मध्ये आला. नेहमीच्या फेकोपेक्षा लेझर वरचढ ठरलं नाही, खर्च मात्र जास्त. पॅकेजच्या कागदावर ते सगळ्यात खाली, सगळ्यात महाग होतं.

ज्याची खरोखर भीती बाळगावी ते इन्फेक्शन. क्वचित होतं पण झालं तर डोळा जाऊ शकतो. इथे मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालय समूहाने केलेलं काम बघा, ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आतच मॉक्सिफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा थेंबभर डोस सोडायला सुरुवात केली आणि सहा लाखांहून जास्त ऑपरेशन्सचा हिशोब २०१७ मध्ये मांडला, तर इन्फेक्शनचं प्रमाण दहा हजारांत ७ वरून २ वर आलं होतं. इतकी दुर्मिळ गोष्ट मोजायला इतके डोळे लागतात, आणि ते मोजणं आपल्याच देशात जमलं याचा मला खरंच अभिमान वाटतो.

आम्ही शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितलं की मावशीचा मोतीबिंदू तपकिरी आणि कडक झालाय, "पिकू दे" म्हणत तीन वर्षं थांबल्याचा परिणाम, त्यामुळे हातानेच काढू. मावशीला मी पुण्याचे आकडे सांगितले होते, तिने चष्मा लागला तर लागला म्हणून लगेच होकार दिला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा ती आधी एक डोळा झाकायची, मग दुसरा, असं चारपाच वेळा केलं आणि माझ्या ओढणीला हात लावून म्हणाली, "ही निळी आहे होय? मला वाटलं शेवाळी." पिवळं पडलेलं भिंग निळा रंग अडवतं, ते मला माहीत होतं, पण ते असं समोर घडताना बघितलं नव्हतं.

सहा आठवड्यांनी फेरतपासणीला आम्ही भर पावसात गेलोच. तक्त्यावर चष्म्याशिवाय ६/१२ची ओळ वाचली, वाचायला जवळचा नंबर लागणार आहे. उजव्या डोळ्याची तारीख दिवाळीनंतरची मिळालीये.