जुन्या युनिक्स संगणकावरील ग्राफिक्स व डायल-अप दोषशोध

पेंटियम किंवा त्याआधीच्या पीसीवर लिनक्स, एससीओ युनिक्स अशी युनिक्स-कुळातील प्रणाली असताना एक्स विंडो (खिडक्या व चित्रे दाखवणारी व्यवस्था, पुढे नुसते ‘एक्स’) उघडत नसेल किंवा मोडेमवरून इंटरनेट लागत नसेल, तर कारण हुडकण्याची पद्धत. वरवर हे दोन स्वतंत्र बिघाड. पण माऊस, मोडेम आणि ग्राफिक्स कार्ड यांना मोजकेच इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या क्रमांकित रेषा) आणि पोर्ट-पत्ते (उपकरणाशी बोलण्याचे पत्ते) वाटून घ्यावे लागतात, त्यामुळे दुखणे एकीकडे आणि लक्षण दुसरीकडे असे वारंवार घडते. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या एखाद्या कारखान्यातून भंगारात निघालेला पीसी चालू करायचा झाला, तरी क्रम हाच. खालील तपशील मुख्यतः लिनक्सचे आहेत. एससीओवर फायलींची नावे वेगळी, पोर्टांचे गणित तेच.

पहिले काम टेक्स्ट कन्सोल (नुसत्या अक्षरांचा पडदा) हाती घेण्याचे. पडदा नुसता लुकलुकत असेल तर रनलेव्हल ५ मध्ये (ग्राफिक्ससह सुरू होण्याच्या अवस्थेत) एक्स बंद पडतो आणि इनिट (प्रणालीचा पहिला प्रोग्रॅम) त्याला पुन्हापुन्हा उठवतो. अशा वेळी लिलो या बूट-प्रोग्रॅमच्या प्रॉम्प्टवर ‘लिनक्स ३’ (म्हणजे ग्राफिक्सविना रनलेव्हल ३) टाइप करून मशीन सुरू करावे. एक्स चालू असताना कंट्रोल-ऑल्ट-एफ१ ने कन्सोलवर येता येते, कंट्रोल-ऑल्ट-बॅकस्पेसने एक्स बंद होतो.

पीसीवर एक्स चालवणाऱ्या एक्सफ्री८६ च्या कॉन्फिग फायलीत सर्वाधिक चुका मॉनिटरच्या आडव्या वारंवारतेत (सेकंदाला किती आडव्या रेषा काढायच्या त्यात) होतात. ६० हर्ट्झला ६४०×४८० साठी सुमारे ३१.५ किलोहर्ट्झ, ८००×६०० साठी ३७.९ आणि १०२४×७६८ साठी ४८.४ किलोहर्ट्झ लागतात. मर्यादा मॉनिटरच्या पुस्तिकेतून घ्यावी, अंदाजाने भरू नये. पडदा काळा होऊन बारीक शिट्टी ऐकू आली तर मॉनिटर ताबडतोब बंद करावा. जुन्या मॉनिटरचा उच्च दाब देणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर अशानेच जातो. दुसरी अडचण कार्डावरच्या मेमरीची. १ एमबीत १०२४×७६८ फक्त २५६ रंगांत बसते (७,८६,४३२ बाइट). १६ बिट रंगांना १५,७२,८६४ बाइट हवेत, म्हणजे २ एमबी. तेवढ्याच १ एमबीत ८००×६०० मात्र १६ बिटांत मावते.

एक्सफ्री८६ च्या आवृत्ती ३.३ मध्ये प्रत्येक कार्ड-कुळाचा सर्व्हर (पडद्यावर चित्र काढणारा प्रोग्रॅम) वेगळा असतो आणि ‘एक्स’ नावाची लिंक योग्य सर्व्हरकडे वळवावी लागते. २००० साली आलेल्या ४.० मध्ये एकच सर्व्हर व सुटे ड्रायव्हर झाले, पण काही जुनी कार्डे त्यात मागे राहिली; त्यांच्यासाठी ३.३.६ च ठेवावी. करड्या ठिपक्यांवर नुसती फुली दिसत असेल तर ग्राफिक्स ठीक आहे, खिडक्या हाताळणारा विंडो मॅनेजर सुरू झालेला नाही.

आता खरी मेख. कॉम१ ते कॉम४ ही सिरियल पोर्टांची नावे. कॉम१ व कॉम३ दोन्ही इंटरप्ट ४ वर, कॉम२ व कॉम४ इंटरप्ट ३ वर. आयएसए बसवर (जुन्या पीसीत कार्डे जोडणाऱ्या मार्गावर) एक इंटरप्ट दोघांना सुखाने वापरता येत नाही. सिरियल माऊस कॉम१ वर आणि इंटर्नल मोडेम कॉम३ वर असेल, तर नंबर फिरवताच माऊस गोठतो आणि दोष एक्सच्या माथी मारला जातो. मोडेम-कार्डावरचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) बदलून कॉम२ करावा आणि मदरबोर्डवरचा कॉम२ बायोसमध्ये बंद करावा. सेटसिरियल या आज्ञेने इंटरप्ट ५ देणेही शक्य आहे, पण ती आज्ञा फक्त कर्नलला (प्रणालीच्या गाभ्याला) सांगते, कार्डाला नाही. जंपर हलवावाच लागतो. शिवाय ५ वर बहुधा साउंड ब्लास्टर हे ध्वनी-कार्ड बसलेले असते. इंटरप्ट चुकला तर मोडेम मरत नाही, रांगतो: पिंगचे (जोडणी तपासणाऱ्या आज्ञेचे) उत्तर कित्येक सेकंदांनी येते. कॉम४ चा पत्ता २ई८ हा एस३ कंपनीच्या काही ग्राफिक्स कार्डांशी भिडतो, म्हणून तो टाळलेलाच बरा.

मोडेमची तपासणी मिनिकॉम या टर्मिनल-प्रोग्रॅममधून करावी. ‘एटी’ या मोडेम-आज्ञेला ‘ओके’ हे उत्तर न आल्यास पोर्ट चुकला आहे, ‘पोर्ट वापरात आहे’ असे सांगणारी जुनी लॉक फाइल उरली आहे किंवा तो विनमोडेम (विंडोजच्या सॉफ्टवेअरवर विसंबणारा मोडेम) आहे. विनमोडेमवर वेळ घालवण्यापेक्षा बाहेरचा सिरियल मोडेम लावणे स्वस्त पडते. यूएआरटी (सिरियल पोर्टची चिप) १६५५०ए असावा. ८२५० किंवा १६४५० ला एकाच बाइटचा बफर असल्याने वेगात अक्षरे गळतात. रिसीव्हरला टोन असूनही मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणत असेल, तर आपल्या एक्सचेंजचा टोन त्याला ओळखता येत नाही. ‘एटीएक्स३’ दिल्यास टोनची वाट न पाहता तो नंबर फिरवतो. कारखान्याच्या पीबीएक्समधून (अंतर्गत टेलिफोन एक्सचेंजमधून) बाहेरची लाइन घेताना शून्यानंतर स्वल्पविराम द्यावा, दोन सेकंद थांबा मिळतो. डिजिटल एक्स्टेन्शनला मोडेम जोडू नये, जळण्याची शक्यता असते.

पीपीपीडी हा मोडेमवरून इंटरनेट जोडणारा प्रोग्रॅम. थांबताना तो देतो तो निर्गम-क्रमांक पुष्कळ सांगतो: ८ म्हणजे नंबर फिरवणारी चॅट स्क्रिप्ट फसली, १० म्हणजे पीपीपी या जोडणी-पद्धतीच्या वाटाघाटी अडल्या, १६ म्हणजे लाइन तुटली, १९ म्हणजे नाव-पासवर्ड नाकारला. ‘लूप्ड बॅक’ असा संदेश आल्यास पलीकडे पीपीपी सुरूच झालेले नाही, तिकडचा लॉगिन प्रॉम्प्ट आपलीच अक्षरे परत पाठवतो आहे. आपला पीपीपीडीच सेवादात्याकडे ओळख मागत असेल तर ‘नोऑथ’ लिहावे. नेटवर्क कार्डाचा डिफॉल्ट रूट (बाहेर जाण्याचा ठरलेला मार्ग) आधीच असेल, तर पीपीपीडी तो बदलत नाही. जोडणी लागूनही काहीच उघडत नाही. तो रूट आधी काढावा.

पावसाळ्यात खांबावरून घरात येणाऱ्या तारेच्या सांध्यात पाणी शिरले की खरखर वाढते. मोडेम वेग उतरवतो, मग कॅरियर (जोडणीचा संकेत) सोडतो. रिसीव्हरमध्ये खरखर ऐकू येत असेल तर सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही, लाइनमनला बोलवावे. विजा चमकत असताना टेलिफोनची वायरही काढून ठेवावी, नुसता विजेचा प्लग काढून भागत नाही.

एक दोष मात्र दोन्हीकडून चकवतो. डायल-अप बंद असताना नोम डेस्कटॉप उघडायला मिनिटे लागतात आणि जोडणी लागताच पटकन उघडतो. नावे व पत्ते लिहिलेल्या होस्ट्स फायलीत यंत्राचे स्वतःचे नाव नसल्याने ते डीएनएसला (नावाचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारले जाते. सर्व्हर गाठता येत नाही, आणि दर चौकशीला ५ सेकंद वाया जातात. १२७.०.०.१ च्या ओळीत ‘लोकलहोस्ट’पुढे ते नाव लिहिले की थांबा संपतो.